शेवटची पंगत

नावन, आयर्लंड, ३ फेब्रुवारी २०२५

ती. दादास,
सा. न. वि. वि.

फोन उचलत नाहीस, म्हणून टपालाने लिहिते. तुझा तक्ता पाहिला. तुझ्या शॅननच्या वर्कशॉपची किंमत तू नऊ लाख युरो काढलीस, ती एकाच ओळीवर उभी आहे: आईचं नागपूरचं घर विकून येणारे पैसे 'घरचे', म्हणून त्यांचा खर्च शून्य. वर त्याच जोरावर बँकेकडून आणखी कर्ज.

दादा, घरचे पैसे फुकट नसतात. तेच सगळ्यांत महाग. बाबा सांगायचे ना, आधी पाहुण्यांची पंगत, मग घरच्यांची? बँकेला आधी वाढायचं, म्हणून ती सात टक्क्यांत खूश. भात कमी पडला तर उपाशी राहते ती शेवटची पंगत. थोडं कर्ज बरं, व्याजावर कर वाचतो. पण पाहुणे वाढवून भात वाढत नाही. आईच्या पैशाला पंधरा टक्के परतावा धरून पुन्हा मांडलं. किंमत साडेचार लाख, आणि नवं कर्ज धरून बँकेचं देणंच तेवढं. आईला उरतं शून्य.

आई म्हणते, गुंजन हो म्हणाली तरच घर विकायच्या मुखत्यारपत्रावर सही करीन. मला अन्न जात नाही. आईला शेवटच्या पंगतीत बसवू नकोस.

तुझी,
गुंजन

शॅनन, ९ फेब्रुवारी

चि. गुंजनला अनेक आशीर्वाद.

ऑडिटरबाई, पंधरा टक्के? आईने कधी मागितले? इथे सगळ्यांना 'ग्रँड', म्हणजे झकास चाललंय, म्हणून सांगतो, पण पुरवठादार आता आगाऊ पैशांशिवाय पत्रा देत नाहीत. पगाराची सोय नाही. स्लायगोचे डेक्लन पैसे घालतील, पण अर्धी कंपनी मागतात. दारावर बाबांचं नाव आहे, अर्धं पुसू?

तुझं पत्र आईला फोनवर अख्खं वाचून दाखवलं. काही लपवलं नाही. आता तीच ठरवील.

तुझा कर्जबाजारी,
देवदत्त

नागपूर, १४ फेब्रुवारी

चि. गुंजन हीस आईचे आशीर्वाद.

शेवटच्या पंगतीची भीती मला घालतेस होय गं? लग्न झाल्यापासून मी जेवले कुठे? सही केली.

पण शेवटी बसणारीला एक ठाऊक असतं, पातेल्यात किती उरलंय ते. पळी तिच्याच हातात असते. देवदत्तचं पातेलं मला इथून दिसत नाही, तुला दिसतं. म्हणून कागद त्याला नाही, तुला पाठवते आहे. पातेल्यात काही असेल तर त्याला दे. नसेल तर मला विचारू नकोस. मी दे म्हणेन.

जेवत जा.
आई

नावन, २ मार्च

ती. दादास,
सा. न.

आईचा कागद आला. तांदळाच्या डब्याखाली ठेवलाय. रोज काढते, तुझे आकडे पुन्हा मांडते, परत ठेवते. पातेलं रिकामं आहे, दादा. कागद देणार नाही.

डेक्लनना अर्धा वाटा दे. ते आपल्याबरोबर शेवटच्या पंगतीत बसायला तयार आहेत, म्हणून जास्त मागतात. आईने मागितलं नाही, एवढाच फरक. बाबांचं नाव मीच पुसलं असं सगळ्यांना सांग.

रविवारी जेवायला ये. घरचा असलास तरी आधी तुला वाढीन. राग धर, पण लोभ सोडू नकोस.

तुझी,
गुंजन