पेणचा फ्लॅट आम्ही घेतला नाही

आई, शेवटी तो फ्लॅट आम्ही घेतला नाही. मी निवृत्त झाले, हातात फंडाचे पैसे आले आणि ह्यांच्या मनात आलं की पेणलाच स्टेशनजवळ एक फ्लॅट घेऊन भाड्याने द्यावा. निदान मला तसं वाटलं. बुकिंग ऑफिसातला माणूस फार गोड बोलत होता. "मॅडम, महिन्याचं भाडं गुणिले बारा, भागिले किंमत. बँकेपेक्षा जास्तच पडतं." ह्यांनी मान डोलावली, मीही डोलावली.

घरी आल्यावर मला आपलं रोह्याचं स्वयंपाकघर आठवलं. मागची खोली तू कंपनीतल्या कामगारांना भाड्याने द्यायचीस. मी कॉलेजात होते. वर्षाच्या भाड्यात काय काय घेता येईल ते मी मोठ्या तोऱ्यात सांगतेय, आणि तू भाकरी थापता थापता माझ्यावर खेकसतेस, "बारा महिने कशाला धरतेस गो? खोली मधे रिकामी नाय राहणार? नळ गळला, रंग काढला, तर ते काय तुझा सासरा भरणार हाय?" तेव्हा मला भयंकर राग आला होता.

परवा दुपारी मी तुझ्यासारखाच हिशेब मांडला. भाड्यातून रिकामे महिने वजा केले, मग सोसायटीचा मेंटेनन्स, घरपट्टी, एजंटचं कमिशन, दुरुस्ती. जे उरलं त्याला नुसत्या किमतीने भागलं नाही. मुद्रांक शुल्क, नोंदणी, पंखे, ओटा असं सगळं किमतीत मिळवलं. उत्तर आलं ते मुदत ठेवीच्या व्याजाहून कमी. किंमत पुढे वाढेल म्हणावं, तर त्याची खात्री कोण देणार?

कागद मी ह्यांच्यापुढे ठेवला. ह्यांनी वाचला, चष्मा काढला आणि चक्क हसले. "सुटलो! मला पहिल्यापासून धाकधूक होती. तुला हवाय म्हणून गप्प होतो."

"मला? मी तर तुमच्यासाठी फ्लॅट बघायला येत होते!"

मग आम्ही दोघं किती तरी वेळ हसत बसलो. कित्येक दिवसांनी त्या रात्री मला शांत झोप लागली.

तू गेलीस, आता हे पत्र कुठे टाकणार? कपाटात राहील. पण तुला म्हणून सांगते, हिशेबाला बसले तेव्हाच तो फ्लॅट तोट्याचा निघावा असं मला वाटत होतं.