शेटची चार पिल्लं

चिरंजीव गुरुदासास तोंडवलीहून थोरल्या अक्काचे पोटभर आशीर्वाद. तुझ्या गुडघ्यांची खुशाली कळव. माझे दोन्ही जागेवर आहेत आणि कुरकुरतात एकाच वेळी. अक्षर नातीचं, गौरजेचं, बोलणं माझं. (फोन का केला नाही म्हणशील. मला कमी ऐकू येतं म्हणून बाबूने फोनचा आवाज इतका वाढवून ठेवलाय, की माझं गुपित किनाऱ्यावर रापणीचं जाळं ओढणाऱ्यांनाही कळतं. म्हणून पत्र, आणि तेही तळेऱ्याला निघालेल्या गंगारामाच्या हाती.)

अरे, पिल्लं निघाली! नऊ अंडी, नऊ पिल्लं! माझा म्हातारा कोंबडा शेट तुला ठाऊक आहे. मी जेवते तेव्हा समोर बसतो, अंगणभर मागे मागे फिरतो. (बाबूच्या वडिलांनी चाळीस वर्षांत एवढं केलं नाही.) पण मागच्या दोन खेपांना कोंबडी एकवीस एकवीस दिवस बसून उठली आणि अंडी नुसतीच नासली. तेव्हा माझ्या लेकाने, बाबूने, जाहीर केलं, "आये, ह्यो आता उपयोगाचो नाय. औंदा राखणेक ह्योच देवया." गावाच्या राखणदाराला वर्षाचा कोंबडा द्यायचा हे खरं, पण माझा शेटच का? मी शब्द घेतला, आणखी एक खेप बघ. त्याची पिल्लं निघाली तर तो जगला.

म्हणून नऊ पिल्लं बघून मी नाचायचीच बाकी होते. दुसऱ्या दिवशी ती वाळून फुलली, आणि काय बघते? पाच जणांच्या माना उघड्या! एक पीस नाही! थेट तुझ्या त्या कोंबड्यासारख्या. पाच आठवड्यांपूर्वी रेडीहून आणताना तू दोन दिवस माझ्या पडवीत डालग्यात ठेवला होतास, तोच. बाबूने पिल्लांकडे बघितलं, मग माझ्याकडे. माझा चेहरा देवळातल्या मूर्तीसारखा.

मग गौरजा (यंदा बारावीला आहे, शास्त्र घेतलंय) खडू घेऊन पडवीत चार चौकोन काढून बसली. "आजी, प्रत्येक गुणाच्यो दोन चिठ्यो असतत. एक बापाशीची, एक आवशीची." उघड्या मानेची चिठी दांडगी, एकटी आली तरी मान उघडी पाडते. पिसांची गप्प बसते, पण हरवत नाही. पुढच्या पिढीत उगवते. (हे तेव्हा कुणी सांगितलं असतं, तर तुझं नाक आपल्या घरात कुठून आलं यावरून आयेने सासूची बोलणी खाल्ली नसती.)

आता नीट ऐक. तुझ्या कोंबड्याकडे दोन्ही चिठ्या उघड्या मानेच्या असतील, तर त्याची सगळीच पिल्लं उघडी निघणार. म्हणजे पिसांच्या मानेची ती चार शेटची, आणि शेट वाचला! पण त्याची एक चिठी पिसांची असली, तर निम्मी पिल्लं पिसांची होऊनही त्याचीच. मग शेट गेला. ओळख सोपी आहे: एकच चिठी असेल तर गळ्याच्या पुढे पिसांचा झुबका राहतो. बाबू म्हणतो, "मामाक विचारतंय. झुबको नसलो तर शेटाक हात लावचंय नाय."

रविवारी त्याचा फोन येईल. आल्यागेल्याला तू सांगतोसच, "माझा कोंबडा अस्सल जातीचा." तेवढंच सांग. तो डालग्यातून सुटला कसा हे विचारून तुला लाजवत नाही. झाकण नीट लावायची सवय तुला लहानपणीही नव्हती.

तुझी अक्का
(सहीच्या जागी अंगठा. शेजारचा ठसा पिल्लाच्या पायाचा, तो त्याने आपणहून दिला.)

ताजा कलम: झुबका आहे. चांगला दोन बोटं जाड. त्याला डालग्यातून बाहेर काढताना माझ्याच हाताला लागला. झाकण मीच उघडलं. शेटची लाज राखायची होती. माना कशा निघतील हे माझ्या डोक्यात कुठून यावं!

आणखी एक: गौरजेनेही तो झुबका बघितला होता. बापाने विचारलं तर म्हणाली, "माका आठवणा नाय." पापणी लवली नाही! बाबूला खोटं बोलता येत नाही, म्हणजे माझी ही खोटेपणाची चिठी त्याच्यात गप्प बसून होती. (गप्प बसणारी चिठी दोन्हीकडून यावी लागते म्हणे, विहीणबाईंवरही आता लक्ष ठेवायला हवं.) तुझी माझी आये एकच. तुलाही जमेल.