अर्ध्या इंचाची काळी गोटी

२४ ऑगस्ट, रविवार

पुन्हा डुप्लिकेट! कुरिअरवाल्याने दुकानात पाकीट ठेवलं, समोर गिऱ्हाईक उभं, तरी राहवलं नाही. ब्लेडने फाडलं. नट खोलायची गोटी हातात घेतली आणि तिथेच डोकं फिरलं. बाणाला पिसं दोन! बाण-छाप कंपनीच्या ठशात बाणाला तीन पिसं असतात, एवढं तरी विकणाऱ्याला ठाऊक असावं. फोन लावला तर म्हणतो, "भाईसाब, पुराना माल है, एक पंख घिस गया होगा." घिस गया! ठसा झिजतो तेव्हा सगळा झिजतो. एक पीस बरोब्बर पुसून बाकीचा बाण कोरा करकरीत राहतो होय?

"राजूभाऊ, माहा फिल्टर?" गिऱ्हाईक अजून उभंच होतं. त्याला चुकून दुसऱ्याच ट्रॅक्टरचा फिल्टर दिला. संध्याकाळी परत आला भांडायला.

२५ ऑगस्ट

दुकानात माश्या मारतोय. रस्त्यावर नुसता चिखल, कोणी फिरकत नाही. बाची पेटी काढून काउंटरवर ठेवली आणि ही वही उघडली.

हिरव्या पत्र्याची पेटी, कोपरे दबलेले. धरणाच्या कामावरचा साहेब जाताना बाला देऊन गेला. त्या एका पेटीवर बाने, म्हणजे देवीलाल मिस्त्रीने, सगळ्या तांड्यांची डिझेल इंजिनं खोलली आणि भरली. बाला जाऊन काही वर्षं झाली, तेव्हापासून ती माझ्याकडे. आत गोट्या ओळीने आपापल्या खाच्यात. सगळ्यांवर बाण, सगळ्या बारीक अंगाच्या, चंदेरी. आणि मधोमध ती एक! अर्ध्या इंचाची. काळी, जाड, बिनछापाची, कडेला कानशीने एक खूण मारलेली. हसताना किडका दात दिसावा तशी दिसते.

पार नागपूरपर्यंतचे शौकीन मला फोटो पाठवतात. "राठोडभाऊ, ओरिजिनल आहे का बघा." मी ठसा पाहतो, चौकोनी भोक पाहतो, पॉलिश कुठे उडालंय ते पाहतो आणि निकाल देतो. आणि मोठ्या हौसेने बाची पेटी ग्रुपवर टाकली, तर नागपूरचे बबनराव लिहितात— "छान! पण सेट खिचडी आहे." वर हसरा चेहरा. झोंबलं. अजून झोंबतंय. दरवर्षी दसऱ्याला तांड्यावर पेटी पूजेत बसते. या दसऱ्याला बसेल ती पूर्ण बसेल. बाची पेटी, सगळे बाण, एकही खोट नाही.

२७ ऑगस्ट, गणपती

बायको, जया, पाहुण्यांना म्हणाली, "यायले गोट्या जमवायचा नाद हाय." पाहुणे म्हणाले, या वयात? मी ओरडलो, नटावर बसतात त्या गोट्या, बाई! सॉकेट! सगळे हसले. मीच तेवढा हसलो नाही.

३१ ऑगस्ट, रविवार

तांड्यावर गेलो. प्रेमसिंगमामांच्या मुलाने वडिलांची पेटी दाखवायला बोलावलं होतं. उघडली आणि कपाळावर हात मारून घेतला. सहा जातींच्या गोट्या! जुन्या मिस्त्रींची ही खोड मला चांगली माहीत आहे. दुसऱ्याची गोटी कामाला न्यायची तर आपली त्याच्या खाच्यात ठेवून जायचं. खाचा रिकामा ठेवायचा नाही. काम झालं की आपली घ्यायची, त्याची द्यायची. पण परत करतंय कोण? माणसं कामाच्या मागे भलतीकडे निघून जातात, मरतात, आणि गोट्या परक्या पेटीत पडून राहतात. या एका खोडीने जिल्ह्यात एक सेट धड ठेवला नाही! मी स्पष्ट सांगितलं, खिचडी आहे. तोंड पडलं बिचाऱ्याचं. पण खोटं कशाला बोलू?

याडी, म्हणजे माझी आई, भाकरी थापत होती. तिला म्हटलं, दसऱ्याच्या आत काळी काढून खरी बसवतो. तिचा हात थांबला.

"काळी नोको हालवू."

"काहून?"

"तुह्या बानं कोनाले हात लावू देल्ला नाही तिले. एक डाव काय झालतं का—"

तेवढ्यात फोन. ढाणकीचे बाबुलाल भंगारवाले. त्यांच्याकडे बाण-छाप अर्ध्या इंचाची आहे म्हणे! मी चपला घालून बाहेर. तसंही याडीची गोष्ट सुरू झाली की जनावरं घरी येईपर्यंत संपत नाही.

५ सप्टेंबर

बाबुलालकडे फोटो मागितला. गोटीपेक्षा त्यांचा अंगठा मोठा आलाय. पुन्हा मागितला. या वेळी गोटी आली, पण अंधारात!

९ सप्टेंबर

त्यांना बदल्यात माझा जर्मन रॅचेट पाहिजे. तो कटकट वाजणारा दांडा, माझ्या सगळ्या जमवाजमवीतला एकमेव निखळ नग. "नाहीतर राहू द्या," म्हणतात. त्यांना बरोबर कळलंय की मी राहू देणार नाही.

१४ सप्टेंबर, रविवार

दिग्रस, पुसद, उमरखेड करत ढाणकी. कंबरेचा भुगा. बाबुलालांनी आधी चहा पाजला, मग नातवाच्या लग्नाचा अल्बम दाखवला, मग कुठे ती फडक्यातून काढली.

गंजलेली होती. चांगला गंज, खोल बसलेला, जुना. फडक्याने पुसली. बाण— पिसं तीन! आकडा किंचित तिरका, जसा हवा तसा. भोकाला आतून गोल खाच. बारीक अंग. पुन्हा पुन्हा फिरवून पाहिली.

"कशी हाय, राठोडसाहेब?"

"ओरिजिनल," मी म्हणालो. असं म्हणालो की दुकानात बसलेली चार माणसं माझ्याकडे पाहायला लागली. बरं वाटलं.

पेटी सोबत नेलीच होती. काळी काढली, ही बसवली. बाबुलाल म्हणाले, "ते काळी कायले नेता वापस? टाका तिकडं." मी ढिगावर टाकली. टण्ण आवाज झाला. रॅचेट देताना मात्र जीव तुटला.

१५ सप्टेंबर

फोटो टाकला. बबनरावांचं उत्तर— "वा! आता बोला!" बस. एवढंच पाहिजे होतं. दिवसभर गिऱ्हाइकांशी गोड बोललो. जयाने विचारलं, "तब्येत बरी हाय ना तुमची?"

२९ सप्टेंबर, सोमवार

पेटी याडीकडे नेऊन ठेवली. चार वेळा बजावलं— धुवायची नाही, घासायची नाही, नुसतं हळदीकुंकू. जुन्या मालाचा गंज गेला तर मालाची किंमत जाते. "हो हो," म्हणाली. काळी गेल्याचं सांगितलं नाही. सावकाश सांगू.

३० सप्टेंबर

घासली!! चिंचेच्या पाण्यात रात्रभर भिजत घातल्या सगळ्या गोट्या, आणि सकाळी राख लावून घासल्या! मी गेलो तर अंगणात पोत्यावर वाळत घातलेल्या. ओरडलो. फार ओरडलो. शेजारपाजारचे जमले. "तुले काय समजते? सत्यानास करून टाकला सगळ्याचा!" याडी म्हणाली, "दरसाली धुतो मी. तुहा बा जित्ता होता तवाही धुवो." आणि आत निघून गेली.

मी एकेक उचलून पाहायला लागलो, किती नुकसान झालं ते. बाच्या गोट्यांना काही झालेलं नव्हतं. त्या दरवर्षीच धुतल्या जातात म्हणा. मग नवीन हातात घेतली.

लिहायला नको वाटतं. गंज पार उतरला होता. एका रात्रीत! खोल बसलेला, जुना गंज म्हणे! आत लेथवरच्या ताज्या रेघा. आणि तो बाण! हातोड्याने ठोकलेल्या ठशाच्या कडेला लोखंड थोडं वर उचललं जातं, नख अडकतं. इथे नख सरळ घसरत गेलं. मशीनवर कोरलेला. नवा माल मिठाच्या पाण्यात घालून उन्हात टाकला की चार-आठ दिवसांत पन्नास वर्षांचा गंज येतो— हे मीच गेल्या वर्षी ग्रुपवर सगळ्यांना समजावून सांगितलं होतं.

अंगणात तसाच बसून राहिलो. लाज वाटली. आणि याडीला बोललो ते आठवून जास्तच.

१ ऑक्टोबर, बुधवार

सकाळी बाबुलालांना फोन. "मले काय मालूम साहेब, तुमीच तं ओरिजिनल म्हनले." म्हटलं ठीक, निदान काळी परत द्या, खाचा रिकामा दिसतो. म्हणाले, तो ढीग कधीच जालन्याला गेला. भट्टीत.

तांड्यावर गेलो. धुताना याडीच्या अधू डोळ्यांना कळलं नव्हतं; आता तिने पेटी उघडली, खाच्यात बोट घातलं. "काळी कुठी हाय?" मी सांगितलं. तिने पेटी मिटली. मी विचारलं, त्या दिवशी तू काय सांगत होतीस? म्हणाली, "आता आयकून काय करतं?"

खोटी गोटी नाल्यात फेकली. पूजेत रिकामा खाचा! बाच्या हयातीत असं कधी झालं नाही.

२ ऑक्टोबर, दसरा

पूजा झाली आणि एक म्हातारा आला. जीपने मुकुटबनहून. आधी याडीच्या हातात आपट्याचं पान दिलं, मग खिशातून रुमाल काढून माझ्या हातात. आत गोटी. अर्ध्या इंचाची, बारीक अंगाची. तीन पिसं. नख अडकलं.

"मी खेमसिंग. देवीलालची अमानत हाय. इंजिनच्या पोटात नट होता, माही जाडी गोटी शिरे ना. त्यानं आपली देल्ली, मी माही त्याच्या पेटीत ठेवली. मंग मी आदिलाबादकडं कापसाच्या जिनिंगवर लागलो, येनंच झालं नाही. आता हात कापते, माही पेटी पोराले द्यायची हाय. दुसऱ्याची गोटी घालून कशी देऊ?" मग हसले. "कानशीची खून हाय माह्या गोटीवर. माह्या बापाच्या हातची. थे आनून दे बाबू, मंग निघतो."

बाची गोटी खाच्यात बसवली. सेट पूर्ण झाला.

म्हटलं, काका, तुमची दुकानात आहे, आणतो. दुकानात आलो. शटर अर्धं उघडून काउंटरशी बसलोय. याडीचा फोन आला होता— खेमसिंगकाकांचा चहा झाला, तुझी वाट पाहतायत.