शेपटी नसलेली तक्रार

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा नमस्कार. (वाकून करणार होतो, पण मंगळवारपासून कंबर धरली आहे. कशामुळे, ते पुढे येईलच.) इकडे आम्ही सगळे खुशाल. तुझी भावजय तुझी रोज आठवण काढते, विशेषतः माझ्यावर चिडली की. तुझं कार्ड पोचलं. 'जिन्यात पडले. बरी आहे. सवडीने ये.' बरी आहेस हे वाचून जीव भांड्यात पडला. सवड मिळाली की येतोच, पण सध्या माझी नोकरीच जिन्यात पडली आहे आणि ती काही बरी नाही. सोमवारपर्यंत एका म्हाताऱ्या घड्याळजींनी मला माफ केलं नाही, तर साहेब माझं टेबल उचलून तिथे कुंडी ठेवणार आहेत. आता हे सगळं कसं घडलं ते बैजवार सांगतो. दोष थोडा तुझाही आहे, कारण मला इंग्रजी तूच शिकवलंस.

तुला माहीतच आहे की आमची कंपनी लिफ्ट दुरुस्त करते आणि तक्रार विभाग मी सांभाळतो. (विभाग म्हणजे मी, एक टेबल, एक फोन आणि भिंतीवर पाच कप्प्यांची लाकडी मांडणी.) लोक तक्रारी मोबाइलवरून इंग्रजीत पाठवतात आणि मी त्या कागदावर छापून घेतो. इंग्रजीत लिहिलं की लिफ्ट लवकर सुधारते, असा सर्वांचा समज आहे. मेकॅनिक तीन आणि तक्रारी दिवसाला तीस. आधी कुणाकडे पाठवायचं? पूर्वी जो जास्त ओरडेल त्याच्याकडे पाठवायचो. मग साहेब म्हणाले, काहीतरी पद्धत बसवा. झालं, मी पद्धत बसवली.

तर ऐक. रोज तीस तक्रारी वाचून माझ्या लक्षात आलं की इंग्रजी माणसाचा सगळा जोर क्रियापदाच्या मागून येतो. आपण कसे, 'मरणाचा कंटाळा आला' म्हणून मरण आधीच सांगून मोकळे होतो. हे लोक आधी साधंसुधं क्रियापद पुढे चालायला लावतात आणि मग त्याच्या शेपटीला डबा बांधतात. लिफ्ट हलते, आणि मागून 'लाइक क्रेझी'. आम्ही थांबलो, आणि मागून 'फॉर एजेस'. एका बाईंनी लिहिलं होतं की लिफ्टमध्ये अडकून त्या रडल्या आणि त्यांचे डोळे बाहेर आले. एक गृहस्थ आमच्या मेकॅनिकचं बोलणं ऐकून इतके हसले म्हणे की त्यांचं डोकंच उडालं. (डोकं उडालेला माणूस शेवटी 'काइंड रिगार्ड्स' लिहितो, हे विशेष.) मी काही खुळा नाही. हे सगळं जोर देण्यासाठी असतं हे मला कळतं. पण मी म्हटलं, ज्याचा जोर जास्त त्याचा त्रास जास्त, साधा हिशोब आहे.

मग मी कप्प्यांना चिठ्ठ्या डकवल्या. शेपूट नसलेलं क्रियापद सर्वांत खाली. 'अ लॉट' त्याच्या वर. 'लाइक मॅड', 'लाइक क्रेझी' आणि 'फॉर एजेस' मधल्या कप्प्यात. डोळे, डोकं वगैरे अवयव गमावणारे चौथ्यात. आणि 'टू डेथ' आलं की थेट वर, मेकॅनिकने हातातला चहा टाकून निघायचं. तीन आठवडे पद्धत झकास चालली. साहेबांनी पाहुण्यांना आणून माझी मांडणी दाखवली. मी त्या दिवशी नवा शर्ट घातला होता, हे योगायोगाने.

आणि मग मंगळवार उजाडला. सकाळी दहाला एका शिवणकाम करणाऱ्या बाईंचा निरोप आला की लिफ्टची घंटा रोज तीच तीच वाजते आणि त्यांना ती 'बोअर्स मी टू डेथ'. वरचा कप्पा. आमचे थोरले मिस्त्री आणि त्यांचा जोडीदार मोठी पेटी घेऊन धावले. तिसरा मेकॅनिक चौथ्या कप्प्यातल्या एका अवयवाकडे गेला. दहा वाजून पाच मिनिटांनी आणखी एक निरोप आला. दोन वाक्यं. लिफ्ट थांबली आहे. मी आत आहे.

बस, एवढंच. ना 'अ लॉट', ना 'फॉर एजेस'. मी कागद उलटा करूनही पाहिला. शेपटीचा पत्ता नाही. मनात म्हटलं, किती समाधानी माणूस आहे, असे ग्राहक मिळायला भाग्य लागतं. आणि कागद सर्वांत खालच्या कप्प्यात सरकवला. बाराच्या सुमाराला त्यांचाच दुसरा निरोप आला: 'आय अॅम स्टिल इनसाइड.' ताई, तुझी शपथ, हा 'स्टिल' शेपटीत धरायचा की नाही, यावर मी चहा संपेपर्यंत विचार केला. शेवटी तो शब्द मध्येच कुठेतरी येतो, मागे लोंबत नाही, म्हणून धरला नाही.

एकच्या सुमाराला त्याच इमारतीतल्या दातांच्या डॉक्टरीणबाई हातातला चिमटा न ठेवता आमच्या ऑफिसात आल्या आणि त्यांनी मला जे मराठीत सुनावलं त्यात जोर पुढे, मागे, मध्ये, सगळीकडे होता. मी आणि मिस्त्री धावलो. लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्या मजल्यांच्या मध्ये. दार फटीएवढं उघडून मी पोटावर झोपलो, हात खाली घातला (कंबर ती इथे गेली), आणि खालून एक थंडगार, सुरकुतलेला हात वर आला. ते सत्तरीच्या पुढचे घड्याळजी. आत अंधार, पंखा बंद, आणि ते गुडघे पोटाशी घेऊन बसलेले. वर आल्यावर म्हणाले, तीन तास बारा मिनिटं, पाणी मिळेल का. भांडं दोन्ही हातांनी धरून त्यांनी ते एका दमात संपवलं. मला फार लाज वाटली, ताई. अजून वाटते.

साहेबांनी बजावलं, इंग्रजीत माफीपत्र लिहा, सोमवारपर्यंत त्यांची सही आणा, नाहीतर कुंडी. मी बुधवारी बसलो आणि होत्या नव्हत्या त्या सगळ्या इंग्रजी शेपट्या ओतल्या. तळापासून हृदयाच्या, हाडांपर्यंत बोटं झिजवून, चंद्रापर्यंत जाऊन परत. तीन पानं झाली. तुझी भावजय म्हणाली, एवढी माफी तुम्ही मला आजवर एकत्र करूनही मागितली नाही. काल पत्र परत आलं. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, वाचलं, लांब आहे. सही नाही.

असो. प्रकृतीला जप. गुडघ्याला तेल लाव. थोरांना नमस्कार कळवला असता, पण आता थोर तू एकटीच उरलीस.

तुझा,
ठोंब्या

ता. क. खरं काम सांगायचं राहिलं. ते माफीपत्र तू लिहून दे. तू माझ्या निबंधातला प्रत्येक 'खूप' लाल पेन्सिलीने कापायचीस, तुला हे जमेल. माझ्या नावाने लिही आणि सोमवारच्या आत पाठव. एवढं कर, मग सवडीने येतोच.

ता. क. दुसरा. पाकिटावर पत्ता घालायला तुझं कार्ड पुन्हा काढलं. जिन्यात पडले. बरी आहे. सवडीने ये. मी ते माझ्याच मांडणीत कुठल्या कप्प्यात टाकलं होतं, हे आत्ता कळलं. भावोजी गेले तेव्हाही तुझं कार्ड दीड ओळीचंच होतं. आणि गेल्या अकरा वर्षांत तू मला 'ये' असं एकदाही लिहिलेलं नाहीस. मी मूर्ख आहे. मागेपुढे काही न लावता.

ता. क. तिसरा, एसटी स्टँडवरून. घड्याळजींकडे जाऊन आलो. माफीपत्र मीच लिहिलं, चार वाक्यांचं. लिफ्ट थांबली होती. तुम्ही आत होता. मी कुणाला पाठवलं नाही. माफ करा. त्यांनी वाचलं, चष्मा काढला, सही केली. मग माझ्या हातातल्या पिशवीकडे बघून विचारलं, कुठे निघालात. मी म्हटलं, बहीण जिन्यात पडली आहे, बरी आहे म्हणते. ते म्हणाले, मग इथे का उभे आहात?

तेव्हा हे पत्र टपालात टाकत नाही, खिशात घेऊनच येतो. दार उघडायला उठू नकोस. किल्ली शेजारणीकडून घेतो.