बाळ तनूच्याच खांद्यावर

५ जानेवारी, सोमवार
लेक वैशाली आज कराडच्या दवाखान्यातून बाळ घेऊन घरी आली. लग्नानंतर आठ वर्षांनी मुलगा. पोट फाडून झाला, म्हणून सहा दिवस तिकडेच होती. सव्वा महिना माहेरी, मग शिराळ्याला सासरी. बारसं तिकडेच करणार.
आतली खोली तिला दिली. मी बाहेर, सोप्यावर. बाळंतिणीच्या खोलीत पुरुषाने जायचं नाही, हे आमच्या घरात पहिल्यापासून आहे. मंडळी असती तर तिने आतलं सगळं पाहिलं असतं. ती जाऊन चार वर्षं झाली. मुलगा सुनील फौजेत, सीमेवर. सूनबाईच्या मागे ऊसतोड लागली आहे.
एक गोष्ट खटकली. गाडीतून बाळ आधी तनूने उतरवलं. आई मागून, भिंतीला धरत. तनू म्हणजे सुनीलची मुलगी, पंधराची, यंदा दहावीला.
रक्तदाबाची गोळी घेतली.

८ जानेवारी, गुरुवार
दिवसभर आतून तनूचाच आवाज. गाणी काय, बोबडं बोलणं काय. वैशालीचा आवाज नाही. बाळंतिणीने फार बोलू नये, वारं शिरतं, ते बरोबर. पण पोटच्या पोराशीही नाही?
तनूला विचारलं, शाळा? म्हणाली, दहावीला घरी अभ्यासाची रजा दिली आहे. मी एकतीस वर्षं शाळेत शिपाई होतो, घंटा माझ्या हातात होती. पूर्वपरीक्षेच्या तोंडावर अशी रजा माझ्या वेळी नव्हती. आता असेल. विचारून पाहिलं पाहिजे.

१२ जानेवारी, सोमवार
आरोग्य केंद्राच्या आशाताई काटा घेऊन आल्या. सोप्यावरच बाळाला झोळीत घालून तोललं. वजन थोडं वाढलं आहे. मग पडद्यापाशी उभ्या राहून वैशालीला विचारलं, "अंगावर पितोय का गं?"
उत्तर तनूने दिलं. "व्हय, लय पितोय. सोडतच न्हाई."
"आन झोप लागती का तुला?"
"लागती की," पुन्हा तनूच.
ताई हसल्या. "बाळंतीण तू हायस व्हय गं?"
मी हसलो नाही. विचारायचं एकीला आणि बोलायचं दुसरीने. शाळेत असं झालं की आम्ही समजायचो, काहीतरी लपवलं आहे.

१४ जानेवारी, बुधवार
संक्रांत. तनू बाळाला खांद्यावर टाकून अंगणात ऊन दाखवत होती. शेजारची हौसाबाई तिळगूळ द्यायला आली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "आवं तात्या, नात बाळंत झाली आन आमाला सांगितलं बी न्हाई?"
चेष्टाच केली. पण गावात हे बोलणं फिरलं तर? पंधरा वर्षांची मुलगी आहे. शिराळ्यापर्यंत जाईल.
तनूला आत जा म्हणालो. ती म्हणाली, "त्याला ऊन पाहिजे तात्या. कावीळ उतरती." हे हिला कोणी शिकवलं? म्हणे मोबाईलवर पाहिलं.

१७ जानेवारी, शनिवार
जे वाटलं होतं तेच.
तनूचे वर्गशिक्षक मोटारसायकलवरून दारात. मी शाळेतला जुना माणूस म्हणून त्यांनी मला आधी नमस्कार केला, मग म्हणाले, "तात्या, पोरगी आजारी हाय का? धा दिवस झालं, वर्गात न्हाई." रजा वगैरे काही नाही. एकतीस वर्षं मी दुसऱ्यांची पोरं गेटवर अडवली. माझ्याच घरात हे. मान वर करवेना.
ते गेल्यावर तिचं दप्तर उपडं केलं. वह्या दोन. आणि खाली पावडरच्या दुधाचा डबा, अर्धा संपलेला. एक बाटली, फडक्यात गुंडाळलेली.
"हे काय?"
"मैत्रिणीच्या बहिणीचं हाय."
"मग अर्धं कुणी पिलं?"
तिने बाटली उचलून घेतली. मग एवढंच, "तात्या, आत आत्याला काय बोलू नका. पाया पडते."
डबा काढून घेतला, माझ्या कपाटात कुलूप लावून ठेवला. तिने बाटली मात्र हातातून सोडली नाही. मीही ओढाताण केली नाही.

१८ जानेवारी, रविवार
विचार करकरून डोकं दुखतं. माझ्या मनाने जुळवलं ते असं. पोरीला बाळाचा लळा लागला. त्याने आपल्याकडेच यावं म्हणून ती चोरून बाटली देते. बाटलीची सवय लागली की पोर आईला धरत नाही, आईचं दूध आटतं. मग बाळ हिचंच. वैशाली भोळी, काही बोलत नाही. आठ वर्षांनी झालेलं पोर, आणि ते भाचीने पळवायचं.
आज बघतो तर स्वैपाकघरात नवा डबा. कुठून आणला, सांगत नाही.
सूनबाईला हे सांगितलं. ती दमून उंबऱ्यातच बसली होती. म्हणाली, "मामंजी, पोरगी हौसंनं करतीय, करू द्या. टोळी दारात हाय, मला उसातनं मान वर काढाय सवड न्हाई."
म्हणजे बघायचं मीच.

२२ जानेवारी, गुरुवार
तनूला आष्ट्याला मामाकडे पाठवलं. परीक्षा होईपर्यंत तिथेच राहील, तिथून शाळेला जाईल. मामा स्वतः न्यायला आला. दुसरा डबाही काढून घेतला.
खूप रडली. मला वाटलं, थोडं रडेल, विसरेल. गाडीवर बसताना म्हणाली, "तात्या, आत्याला एकटी ठिवू नका."
मी म्हणालो, "आई हाय ती त्याची. तिला काय शिकवतीस?"
आता आई आणि बाळ. कोणी मध्ये नाही. बरं वाटलं.
संध्याकाळपासून बाळ रडतंय. सवय मोडायला वेळ लागणारच. सूनबाई म्हणाली, वैशालीचं दूध उतरत नाही, वाटीने गाईचं दूध पाजलं.

२३ जानेवारी, शुक्रवार
आजचं सगळं लिहून ठेवतो.
सूनबाई शेतात. सकाळी दहापासून बाळ रडत होतं. सोप्यावरून हाक मारली, "वैशे, पोरगं रडतंय गं." उत्तर नाही. पुन्हा मारली. हौसाबाईला बोलवावं तर दाराला कुलूप. साडेअकराला बाळाचा आवाज बसला. नुसती धाप ऐकू यायला लागली.
मी पडदा सारून आत गेलो. जन्मात पहिल्यांदा.
खिडकी बंद. खाटेखाली शेगडी, शेपा-ओव्याचा धूर, डोळे झोंबले. वैशाली कान बांधून भिंतीकडे तोंड करून बसलेली. बाळ खाटेच्या अगदी कडेला, ओलं. तिच्यापासून दोन हात लांब. तिने मागे वळूनही पाहिलं नाही. म्हणाली, "तात्या, ह्याला बाहीर न्या. माझ्या हातनं कायतरी व्हईल. मला भ्या वाटतंय."
उचललं. बाहेर आलो. डबा माझ्याच कपाटात, मीच लावलेलं कुलूप. किल्ली सापडायला वेळ लागला. किती पावडर, किती पाणी, काही ठाऊक नाही. आष्ट्याला फोन लावला. फोन तनूनेच उचलला, शाळेत गेलीच नव्हती. एका शब्दाने रागावली नाही मला. म्हणाली, "लिवून घ्या."
पाणी उकळून कोमट. तीस मिली पाण्याला सपाट चमचा एक. आता साठ, चमचे दोन. मनगटावर थेंब टाकून बघणे. डोकं उंच धरणे. झालं की खांद्यावर, ढेकर येईपर्यंत.
बाटली नव्हती, ती तिने नेली होती. वाटी-चमच्याने पाजलं. प्यायलं.

२४ जानेवारी, शनिवार
मामा तनूला घेऊन सकाळीच आला. आल्या आल्या तिने हात धुतले, बाळ घेतलं, मग माझ्याकडे बघितलं.
सगळं आज कळलं. घरी आल्याच्या तिसऱ्या दिवशीच वैशाली तिला म्हणाली होती की बाळ माझ्याजवळ ठेवू नको, मनात वाईट येतं. आणि कुणाला न सांगण्याची शपथ घातली. सासरी कळलं तर म्हणतील, आठ वर्षं देवाला हात जोडले आणि आता हिला पोर नको झालं, आणा दुसरी बायको. म्हणून शाळा बुडवली, वैशालीने दिलेल्या पैशातून डबे आणले, आशाताईंना खोटं सांगितलं.
"मला तरी सांगायचं हुतंस."
"तुमाला सांगितलं आसतं तर तुमी हौसाबाईला इचारून देवरुषी आणला आसता."
खोटं नाही बोलली. आणला असता.
आम्ही सगळे म्हणत होतो, बाळंतीण आहे, गप्पच असायची, अंधारातच बसायची. रीतीप्रमाणे चाललंय म्हणून कोणी बघितलं नाही. सूनबाई रडली. वन्संची वेणी मी घातली असती तर कळलं असतं, म्हणाली.

२८ जानेवारी, बुधवार
सांगलीला मनाच्या डॉक्टरीणबाईंकडे वैशालीला नेलं. तरुण बाई. म्हणाल्या, बाळंतपणानंतर असं होतं, आजार आहे, औषधाने बरा होतो, वेळ लागतो. खिडकी उघडा, शेगडी काढा. तिला आणि बाळाला एकटं सोडू नका, आणि तोडूही नका. रोज थोडा वेळ बाळ तिच्या मांडीवर, शेजारी कोणी तरी बसून.
मला विचारलं, कधीपासून अशी आहे? मी म्हणालो, मी सोप्यावर असतो.
तनूला म्हणाल्या, तू शाळेत जा. 
खिडकी उघडली. वैशालीने डोळ्यांवर हात धरला.

२ फेब्रुवारी, सोमवार
औषधाने झोप लागते वैशालीला. दोन वेळा जेवली. आज दुपारी आतून म्हणाली, "तनू, आण गं त्याला जरा." मी स्वतः ऐकलं. घरी आल्यापासून पहिल्यांदा मागितलं.
तनू बाहेर बाळ घेऊन बसली होती. म्हणाली, "आत्ताच झोपलाय आत्या, मग आणते."
झोपला नव्हता. डोळे टक्क उघडे, माझ्याकडेच बघत होता.
तनूला बाजूला घेतलं. "का खोटं बोललीस?"
"तिला आत्ता बरं वाटतंय. उद्या परत म्हणाली तर? तुमी मला घालवलं तवा काय झालं, आठवतंय न्हवं?"
 एकदा संशय घेऊन चुकलो. पण आज जे डोळ्यांनी पाहिलं ते पाहिलं. शाळेला गेलीच नाही आजही.
गोळी घ्यायची राहिली.

६ फेब्रुवारी, शुक्रवार
सव्वा महिना भरला. शिराळ्याहून विहीणबाई आणि जावई आले. लपवायचं नाही असं मी ठरवलं होतं. डॉक्टरांचा कागद जावईबापूंच्या हातात दिला. त्यांनी दोनदा वाचला, घडी घातली, खिशात ठेवला. आत जाऊन वैशालीपाशी बसले. 
विहीणबाई सोप्यावर. "आवं, आमच्यात चार चार बाळंतपणं झाली, असलं कवा ऐकलं न्हाई. तिला हितंच औषध द्या, बरी झाली की यील. बाळ आमी नेतो. आमचं लेकरू हाय."
मी म्हणालो, डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तोडू नका.
"आन काय झालं तर? सांगा की. जिम्मा घेता?"
 घेतो म्हणायला पाहिजे होतं. ते धाप लागलेलं बाळ डोळ्यांसमोर आलं.
तेवढ्यात तनू दारातून, "न्यायचं तर मी बी येते शिराळ्याला. माझ्याबिगर तो पीत न्हाई." परीक्षा पंधरा दिवसांवर. सूनबाईने तिला ओढून आत नेलं. विहीणबाई मात्र म्हणाल्या, "यीना का, चालंल की."
जावईबापू बाहेर आले. म्हणाले, "रविवारी चारला गाडी घिऊन येतो. तवर काय ते ठरवा, तात्या. मी आईला बोलून बघतो." डोळे लाल होते. हा माणूस कोणाच्या बाजूने आहे, कळत नाही.

८ फेब्रुवारी, रविवार
सुनीलला फोन लागला नाही. सूनबाई म्हणते, मामंजी, तुमी म्हणाल तसं. सगळे माझ्यावर ढकलतात. सातवी शिकलेला माणूस मी, मला काय कळतं.
बाळ इथे ठेवायला सांगायचं, तर ते वैशालीसाठी सांगतो की तनूसाठी, माझं मलाच समजत नाही. दिलं, तर वैशाली पुन्हा भिंतीकडे तोंड करून बसेल. ठेवलं आणि काही झालं, तर ते माझ्या माथी.
साडेतीनला वैशाली स्वतः बाहेर आली. कानाला बांधलेलं नव्हतं. केस विंचरलेले. सोप्याच्या खांबाला धरून उभी राहिली आणि मला विचारलं, "तात्या, त्याला कुणाकडं द्यायचं ठरलं?"
तोंड बघितलं तिचं. जीव तुटून विचारत होती की सुटका होईल म्हणून, काही समजलं नाही. जन्मापासून ओळखतो मी हिला.
"ठरलं न्हाई अजून," म्हणालो.
मागे तनू, बाळ खांद्यावर. रस्त्याला गाडी वळल्याचा आवाज आला. वैशालीने खांब सोडला. मी तनूला म्हणालो, "दे बाळ."
कुणाकडे, ते तोंडातून निघालं नाही. दोघी माझ्याकडे बघत राहिल्या.