वाढदिवसाची भारचाचणी

ती. दादा,

नमस्कार. वाकून केलाय असं समजू नकोस. गुडघा सुजलाय, म्हणून खुर्चीत बसूनच केलाय. तुझी, वहिनीची आणि तुझ्या पोटाची प्रकृती उत्तम असेलच (मागच्या फोटोत पोट तुम्हा दोघांपेक्षा ठणठणीत दिसत होतं). आम्ही सगळे जिवंत आहोत. रविवारी माझा वाढदिवस झाला. तू फोन केला नाहीस ते एका परीने बरंच झालं, कारण तो घेण्याच्या स्थितीत घरात कुणीच नव्हतं.

इतर घरांत वाढदिवसाला केक कापतात. आपल्या घरात आधी माणूस उचलतात. बाबांनी घरसामान हलवण्याच्या धंद्यात जन्म काढला, लोकांची कपाटं पाठीवर घेऊन जिने चढले, त्यामुळे प्रेम दाखवायचं म्हणजे समोरच्याला जमिनीपासून वेगळं करायचं, एवढंच त्यांना ठाऊक. तुला खांद्यावर टाकून गल्लीच्या टोकापर्यंत न्यायचे आणि तू लाथा झाडायचास, आठवतंय ना? आईचा वाढदिवस आला की ती "अहो, लोक बघतायत" असं म्हणत स्वतःच चष्मा काढून तयार उभी राहायची. मी तर कॉलेजात असताना मैत्रिणींसमोर उचलली गेले. (त्यातली एक मला अजून ‘पार्सल’ म्हणते.)

आता बाबांच्या कंबरेचं ऑपरेशन झालंय, वर पट्टा आहे, आणि भरलेली बादलीसुद्धा उचलायची नाही असं डॉक्टरीणबाईंनी बजावलंय. बाबांनी त्याचा अर्थ ‘बादली उचलायची नाही’ एवढाच घेतला. मुलगी म्हणजे काही बादली नव्हे. माझं काम लिफ्ट तपासण्याचं. एखाद्या लिफ्टची ही अवस्था असती, तर मी दारावर ‘बंद’ अशी पाटी लावून निघून आले असते. पण बाबांना पाटी कोण लावणार? नको म्हटलं तर ते रागावणार नाहीत. गप्प होतील, खुर्चीत बसतील आणि उठायचेच नाहीत. काका असेच एकदा बसले ते बसलेच, हे आपण पाहिलंय.

ही अडचण मी आईला सांगितली, तर तिने मला हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं.

"वेडाबाई, उडी मारायची."

"कुठे?"

"वर, आणखी कुठे? ते ‘हुप्’ म्हणतात ना, तेव्हा. मी ऑपरेशनच्या किती आधीपासून मारतेय!"

म्हणजे बघ, बाबा जिला इतकी वर्षं ‘फूल आहे फूल’ म्हणत उचलत होते, ते फूल स्वतःच्या पायांनी वर जात होतं.

मी यंत्रांची माणूस. उडी किती मारायची याचा नीट विचार केला. फक्त बाबाही जीव एकवटून उचलणार आहेत, हे धरायचं राहिलं. "हुप्" झालं आणि माझं डोकं थेट दिव्याच्या शेडला लागलं. जड समजून उचललेली वस्तू हलकी निघाली की जे होतं ते झालं. बाबा मागे गेले, त्यांच्याबरोबर मी, आमच्याबरोबर पडदा, आणि सर्वांत शेवटी, सावकाश, पडद्याचा दांडा. आईने आधी केक बाजूला घेतला, मग "कुणाला लागलं का?" असं विचारलं. पडद्याच्या आतून बाबांचा आवाज आला, "पाहिलंस? ताकद आवरली नाही!"

तेव्हापासून घरात राहणं कठीण झालंय. संध्याकाळी ते खालच्या शिंप्याला "तुमचा वाढदिवस कधी असतो हो?" असं विचारून आले. शिंपी हल्ली अर्धं शटर खाली ठेवूनच शिवतो.

असो. वहिनीला नमस्कार सांग.

तुझी (तूर्त लंगडी) बहीण

ता. क. पुढच्या महिन्यात तुझा वाढदिवस आहे. "दादाला येऊ दे, त्याला तर एका हाताने!" असं जाहीर झालंय. तू दोन दारांच्या फ्रीजएवढा झाला आहेस, हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही. तेव्हा उडीचा सराव सुरू कर. अनवाणी कर. खालच्या मजल्यावरच्यांना आधी कल्पना दे.

आणखी ता. क. एक गोष्ट वर लिहिली नाही. पडद्यातून बाबांना उठता येईना. आई "थांब, मी पाय धरते" म्हणेपर्यंत मी त्यांच्या काखेत हात घालून त्यांना उभं केलं होतं. उभं कसलं, त्यांचे पाय जमिनीला लागतच नव्हते. वजनाच्या बाबतीत माझा अंदाज इतका कधी चुकलेला नाही. ते म्हणाले, "हं. ठेव आता खाली." मग पडद्याच्या रिंगा गोळा करत बसले. तुझ्या पाठोपाठ त्यांचा वाढदिवस येतो. त्यांना आजवर कुणी उचललेलं नाही. यंदा उचलू या. त्यासाठी रजा वाढवून ये. तू एका बाजूने धर, धापा टाक, "बाबा, केवढे जड आहात!" असं म्हण. मला एकटीला जमतं हे त्यांनी एकदा पाहिलंय. तेवढं पुरे.