चाचा, इम्त्या सुटला!

प्रिय चाचा,

सलाम! मी पक्या. आखातातनं, फहाहीलच्या आपल्या खोलीतूनच लिहितोय. तुम्ही गेल्यापासून इथं कोलंबीचं कालवण कुणाला जमत नाय, पण ते मरू दे. आधी खबर ऐका. आज सकाळी इंग्लंडवरनं इम्त्याचा फोन आला! तुमचा पोरगा जिता आहे, आणि त्या मौलवीच्या टोळक्यातून कधीचाच बाहेर पडलाय!

आणि तुम्ही हे कळायच्या आधीच अल्लाच्या घरी गेलात. एवढी घाई कसली होती हो?

परवा टीव्हीवर दाखवलं, तिकडं ट्रेनमधे बॉम्ब फुटले. पहिल्यांदा वाटलं, इम्त्या त्या गाडीत नसेल ना? मग दुसरं वाटलं, ते त्याहून वाईट: बॉम्ब ठेवणाऱ्यांत तर नसेल? तुम्हाला काय सांगायचं, तुम्ही त्याच भीतीनं वाळत गेलात.

आठवतं, त्यानं ती कॅसेट पाठवलेली? त्यात कुणी मौलवी तावातावानं सांगत होता, काफरांचा कायदा मानू नका, तिथं मत देणं हराम. तुम्ही हातातला घास खाली ठेवलात. मी म्हटलं, "चाचा, गावाला पत्राऐवजी कॅसेट भरून पाठवता ना? तशीच ह्याच्यावरच भरू!" कॅसेटच्या वरच्या भोकांना चिकटपट्टी लावली की तिच्यावर परत भरता येतं. सुरुवातीला मौलवीला थोडं बोलू दिलं, मजा म्हणून. मग तुम्ही सुटलात.

"इम्त्या, मेल्या, मी अब्बा! इथं मुसलमानांच्या मुलखात अर्धी जिंदगी नमाज पढली. तरी ज्याच्या नावावर माझा व्हिसा, तो कफील उद्या बोलला निघ, की मी गाठोडं बांधणार. तुला तिथं त्यांनी पासपोर्ट दिला. मशिदीत जायला कोण अडवतो तुला? तुझा मौलवी दीन-धरम नाय शिकवत, त्याला राज्य पायजे. राज्य ह्याला, आणि मरायला माझा पोर?"

मागून मी ओरडलो, "इम्त्या, तुझ्या बापानं आज मीठ दोनदा घातलंय!" तुम्ही चप्पल फेकलीत. तिचा आवाज पण टेप झाला!

आता खरी गंमत ऐका. इम्त्याला वाटलं, अब्बानं ऐकून परत धाडली. न ऐकताच त्यानं ती टोळक्यात लावली! सगळे माना खाली घालून बसलेत, मौलवी गरजतोय, आणि मधेच तुमचं "मेल्या"! आपली भाषा तिथं कुणाला कळते? म्होरक्या म्हणाला, "क्या बोल रहा है ये?" मग काय, तुमचा एकेक शब्द इम्त्यालाच सांगावा लागला. स्वतःच्या तोंडानं, सगळ्यांसमोर!

म्होरक्या म्हणाला, "तेरा बाप बिक गया है. छोड दे उसको."

इम्त्या उठला, चपला घातल्या आणि आला निघून!

मी फोनवर नाचलो, चाचा. मग शिव्या घातल्या, "गाढवा, तेव्हाच का नाय कळवलंस?"

"लाज वाटली, पक्या. उद्या करू, उद्या करू म्हणत राहिलो. मग गावावरनं कळलं, अब्बा गेले."

"पण त्यांच्यात गेलासच कशाला?"

"ताप आला तेव्हा डबा त्यांनीच आणला. दुसरं कोण होतं इथं?"

खरंच की, चाचा! आपण त्याला मौलवी, मत, पासपोर्ट, सगळं सुनावलं. जेवलास का, हे कुणी विचारलं?

काल त्याच्या दुकानाची काच फोडली कुणीतरी, दाढी बघून. "बॉम्बवाले मला काफर म्हणतात, आणि हे मला बॉम्बवाला," म्हणाला, आणि हसला. तुमच्यासारखाच हसतो, खोकत खोकत.

शेवटी विचारलं त्यानं, "अब्बा रागावून गेले काय रे?" मी म्हटलं, "येड्या, सोडून दिलेल्या पोरावर कुणी एवढं ओरडतं का?"

तर चाचा, माझा शब्द घ्या. दर जुम्म्याला मी त्याला फोन करणार. आधी जेवण विचारणार, मग शिव्या देणार. कंटाळून त्यानं फोन आपटला, तर परत लावणार. तुमच्या पोराला तिथं एकटं पडू देणार नाय.

तुमचाच आगाऊ,
पक्या